फुकट सिनेमे बघायची नोकरी

पत्रकारांमध्ये एक अलिखित उतरंड आहे. वर राजकारणवाले, त्याखाली अर्थकारणवाले, मग क्रीडावाले आणि अगदी तळाला सिनेमावाला. "त्याचं काय, फुकट सिनेमे बघायचे आणि हिरोबरोबर फोटो काढायचे, पगार वर!" असं आपल्यातले शहाणे लोक लंचटाइमला सर्रास बोलतात. माझ्या मते ही शुद्ध बाष्कळ बडबड आहे. करमणुकीची बातमीदारी ही पत्रकारितेतली सगळ्यात अवघड नोकरी आहे, आणि ती नीट करणाऱ्याला शिक्षा व्हावी अशीच तिची रचना आहे.

आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. समजा टेस्टरला बिल्ड मिळणार की नाही हे डेव्हलपरने ठरवायचं. टेस्टरचा पगारही डेव्हलपरच्याच खिशातून. वर अट अशी, की बग लॉग केलात तर पुढचं बिल्ड बंद! किती बग सापडतील? शून्य. रिलीज नोट्स मात्र झकास निघतील. सिनेमाच्या पत्रकाराचं नेमकं हेच होतं. मुलाखत, सेटवरचा प्रवेश, आगाऊ खेळ, सगळं स्टुडिओच्या हातात. आणि पेपरात पान-पान जाहिरात देणारा तोच स्टुडिओ.

गोष्ट हवेतली नाही. २०१७ च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिस टाइम्सने एक मालिका छापली. डिस्नेलँड ज्या अ‍ॅनाहाइम शहरात आहे, त्या शहराकडून कंपनीला काय काय सवलती मिळतात, याचा हिशोब त्यात होता. डिस्नेचं म्हणणं, हे लिखाण अन्यायकारक आहे. ठीक आहे, खुलासा छापायला सांगा. पण नाही! त्या पेपरच्या समीक्षकांना सिनेमांचे आगाऊ खेळ दाखवणंच बंद केलं. म्हणजे हिशोब कुणी मागितला आणि दार कुणावर आपटलं, बघा.

पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नोव्हेंबरात समीक्षकांच्या चार संघटनांनी जाहीर केलं, की ही बंदी उठेपर्यंत डिस्नेचे सिनेमे आमच्या वार्षिक पुरस्कारांसाठी विचारात घेणार नाही. इतर पेपरांचे काही समीक्षकही आगाऊ खेळांना जायचे थांबले. लगोलग बंदी उठली. एकट्या पत्रकाराची काय बिशाद होती? सगळे एकत्र उभे राहिले म्हणून जमलं.

आता किम मास्टर्स यांची कारकीर्द बघा. या बाईंनी कित्येक वर्षं हॉलिवूडच्या धंद्यावर बातमीदारी केली. सोनीने हॉलिवूडमध्ये पैसे कसे घालवले यावर त्यांचं सहलेखनातलं पुस्तक आहे, डिस्नेच्या मायकल आयस्नरवर दुसरं. २०१७ मध्ये त्यांच्या हाती अ‍ॅमेझॉन स्टुडिओचे प्रमुख रॉय प्राइस यांच्याविरुद्धच्या तक्रारीची बातमी आली. एका निर्मातीने गैरवर्तनाचा आरोप केला होता. बातमी घेऊन मास्टर्स बऱ्याच प्रकाशनांच्या दारात फिरल्या आणि नकार पचवत राहिल्या. शेवटी ऑगस्टमध्ये ती छापली कुणी? 'द इन्फर्मेशन' नावाच्या टेक्नॉलॉजीच्या बातम्या देणाऱ्या साइटने! ऑक्टोबरात वाइनस्टीन प्रकरण फुटलं, त्या निर्मातीने नावानिशी बोलायचं ठरवलं आणि प्राइस यांना राजीनामा द्यावा लागला.

सिनेमाची बातमी टेकवाल्यांकडे का छापून यावी? कारण सोपं आहे. ती साइट चालते वर्गणीवर. तिला ना स्टुडिओची जाहिरात हवी, ना प्रीमियरचा पास.

आता आपल्या मुंबईत या. बाबूराव पटेलांनी १९३५ मध्ये 'फिल्मइंडिया' सुरू केलं आणि त्यांच्या परीक्षणांना भलेभले निर्माते टरकत. बाबूराव काही धुतल्या तांदळासारखे नव्हते, स्वतः सिनेमेही काढत. देवयानी चौबळ यांनी 'स्टार अँड स्टाइल'मधल्या सदरात तर गॉसिपच लिहिलं, आणि त्यातलं बरंचसं निर्दय होतं. पण तिथे निदान नट चिडत तरी होते. २००३ मध्ये टाइम्स समूहाने 'मीडियानेट' आणलं आणि पुरवणीतली जागा प्रसिद्धी हवी असणाऱ्यांना रीतसर विकायला काढली. पुढे तर पुरवणीच्या नावाखालीच बारीक अक्षरात लिहून आलं, की हे जाहिरातवजा लेखन आहे. चष्मा लावून वाचा, सापडेल. नट आता चिडत नाहीत. कशाला चिडतील? बिल त्यांनीच भरलेलं असतं!

यावर ठरलेलं उत्तर येतं, "वाचकालाच हे हवं असतं." साफ खोटं. वाचकाला हवं असतं, तर विकत घ्यायला वाचक आला असता. जागा विकत घेतोय निर्माता. जो पैसे मोजतो तो गिऱ्हाईक, आणि वाचक हा गिऱ्हाइकाला विकलेला माल. इतकं साधं गणित आहे.

"पण सिनेमाच तर आहे, एवढं काय?" असंही कुणीतरी म्हणेल. अहो, हा हजारो कोटींचा धंदा आहे. त्यात लाइटमन आहेत, स्पॉटबॉय आहेत, ज्युनियर आर्टिस्ट आहेत, ऑडिशनला एकट्या जाणाऱ्या मुली आहेत. केरळमध्ये सिनेसृष्टीतल्या बायकांची स्थिती तपासायला न्या. हेमा समिती नेमली गेली. तिने अहवाल दिला डिसेंबर २०१९ मध्ये, आणि तो लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये. साडेचार वर्षं! एखाद्या कारखान्यात असं झालं असतं तर आपण त्याला कामगारांचा प्रश्न म्हटलं असतं. इथे मात्र ते 'फिल्मी' होतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी फिल्मी पत्रकाराला हसलं, तर त्याला एवढंच विचारा: बाबा रे, तू शेवटची बातमी पैसे देऊन कधी वाचलीस? महिन्याला दोन कॉफ्यांचे पैसे वाचवून प्रामाणिक बातमी मिळत नसते. असो. आता ज्याने त्याने आपापलं ठरवावं.