कानाचे मार्क कुठे आहेत?

माझी चुलत बहीण इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झाली, फर्स्ट क्लासमध्ये. पुण्याच्या एका कंपनीची फोनवरची मुलाखत सहा मिनिटांत संपली. रात्री म्हणाली, ‘‘भाई, प्रश्न लिहून दिला असता तर पानभर उत्तर लिहिलं असतं. तो काय बोलला तेच कळालं नाही.’’ घरात ठरलं की पोरीचं इंग्रजी कच्चं. आता तिच्या लग्नाचा विषय निघतोय.

मला हे मान्य नाही. पदवीची तीन वर्षं तिला इंग्रजी ‘शिकवलं’, पण ऐकवलं नाही. माझंही तेच झालं होतं. चार वर्षं इंजिनिअरिंगचे पेपर इंग्रजीत लिहिले, आणि पहिल्याच क्लायंट कॉलवर म्यूट दाबून शेजारच्याला विचारत बसलो, ‘‘काय म्हणाला रे?’’

पुस्तकातलं इंग्रजी शब्दाशब्दांत जागा सोडून छापलेलं असतं, बोलण्यात तशी जागा नसते. ‘वॉट डू यू वॉन्ट टू डू’ कानावर येतं ते ‘वॉड्या वॉना डू’ असं. यात गोऱ्यांचा नखरा नाही, आपणही तेच करतो. ‘काय करत आहेस’ हे पुस्तकातून पाठ केलेला परदेशी माणूस इंदापूरच्या स्टँडवर उभा करा आणि त्याला आपल्या कऱ्हाटीच्या ठसक्यात ‘काय कर्तूयास’ विचारा. त्याचं मराठी कच्चं म्हणाल का? त्याच्या कानाला सवय नाही, एवढंच.

यावर प्राध्यापकांचं ठरलेलं उत्तर असतं: लँग्वेज लॅब आहे की! आहे, मी पाहिली आहे. कॉलेजचं नाव घेत नाही. हेडफोन प्लास्टिकच्या पिशवीत, किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई रजेवर. तपासणीला समिती आली की पिशव्या निघतात. जिथे लॅब उघडी असते तिथेही क्लिप वाजवतात, पाच प्रश्न विचारतात, उत्तरं सांगतात आणि तास संपतो. ही परीक्षा झाली, शिकवणं कुठे झालं? जॉन फील्ड या इंग्रज अभ्यासकाने 2008 साली श्रवणावरच्या पुस्तकात याच पद्धतीवर टीका केली: उत्तर चुकलं हे कळतं, पण कान नेमका कुठे अडला ते कोणी शोधत नाही.

कान तयार होतो, हे आपल्या समाजाला तरी पटवायला नको. हिफ्ज करणारं आठ वर्षांचं पोर उस्तादांच्या तोंडून ऐकतं, मागून म्हणतं, चुकलं की परत ऐकतं. अरबी त्याची भाषा नाही, तरी ‘सीन’ आणि ‘साद’मधला फरक त्याचा कान पकडतो. (अर्थ कळत नाही, हे भांडण वेगळं, ते मी दुसरीकडे भांडतोच.) वारकऱ्यांच्या घरातली पोरं हरिपाठ असाच शिकतात. मग पदवीच्या वर्गातच ही रीत कमीपणाची का वाटते?

त्याला लाखाची लॅब लागत नाही. एक स्पीकर आणि रोजची पंधरा मिनिटं पुरतात. एक मिनिटाचा तुकडा तीनदा ऐकवा, मुलांना ऐकू आलं तसं लिहू द्या, मग छापील मजकूर द्या आणि निसटलेले शब्द लाल करायला सांगा. एनपीटीईएलवर आयआयटीची व्याख्यानं मजकुरासकट फुकट आहेत. सुरुवात आपल्याच देशातल्या आवाजांपासून करा, अमेरिकन नंतर येऊ द्या. आणि त्याला मार्क ठेवा. आयलट्स परीक्षेत ऐकण्याला चौथा हिस्सा असतो. आमच्या पदवीत तो शून्य होता, आणि मार्क नाहीत ते आपल्याकडे कोणी शिकवत नाही.

बारामतीत स्पोकन इंग्लिशच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत. तिथेही पोरं स्वतःची ओळख पाठ करतात. समोरच्याने मधेच दुसरं काही विचारलं की गप्प.

बहिणीबरोबर मी आता रोज रात्री हे करतोय. पहिल्या दिवशी कागद निम्मा लाल झाला. त्यातला एकही शब्द तिला नवा नव्हता, सगळ्यांची स्पेलिंगं तिला येत होती. तो कागद घेऊन तिच्या विभागप्रमुखांना भेटायचं आम्ही ठरवलंय.