मीटर ड्रॉवरमध्ये, निकाल तोंडावर

अकोल्यात काय, अमरावतीत काय, बंद पडलेला लॅपटॉप काउंटरवर ठेवा आणि बघा. दुकानदार बटन एकदा दाबतो. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही. मान वर न करताच निकाल लागतो, "मदरबोर्ड गेला भाऊ, आता नवाच घ्या लागते." मीटर? ते ड्रॉवरमध्ये. स्क्रू एकही न खोलता ही दिव्यदृष्टी येते कुठून?

मला या आळसाची चीड येते. लॅपटॉप घेऊन आलेला पोरगा शिकणारा असतो आणि बापानं कापूस विकून तो घेऊन दिलेला असतो.

तपासायचं काय, हे गुपित आहे का? आधी अडॅप्टर. वर बहुधा 19 किंवा 19.5 व्होल्ट छापलेलं असतं. पिनीवर तेवढं येतं का, हे मीटर लगेच सांगतं. (टाइप-सी चार्जर नुसताच तपासला तर फार तर 5 व्होल्ट दिसतात; लॅपटॉपनं मागितल्यावरच तो 20 वर चढतो. तेवढ्यावरून चार्जर बाद करणारे महाभागही आहेतच.) मग चार्जर काढायचा, बॅटरी सोडवायची, बटन 30 सेकंद दाबून धरायचं, बोर्डात अडकलेला चार्ज उतरतो. रॅम काढून, पुसून परत बसवायची. कित्येक 'मेलेले' लॅपटॉप एवढ्यावरच उठतात.

आणि बोर्डच निघाला, तरी अख्खा बोर्ड कुठं गेलेला असतो? पुष्कळदा 19 व्होल्टच्या लाइनवरचा तांदळाएवढा एक कपॅसिटर शॉर्ट असतो. चिप लेव्हलचा जाणता कारागीर बोर्डावर अल्कोहोल सोडतो, बेंच सप्लायवरून थोडा व्होल्टेज देतो. जिथं ते आधी वाळतं, तिथं चोर. त्या विद्येचे पैसे मी आनंदानं मोजीन. बटन दाबण्याचे कशाला मोजू?

कारण विचारलं तर म्हणे, "ऊन." ऊन आहेच! मे 2024 मध्ये पारा 45 च्या वर गेला आणि अकोल्यात कलम 144 लावावं लागलं. बहुतेक कंपन्या तर लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच वापरा म्हणतात. मग पंख्यातली धूळ काढा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला! रोग माहीत असून हात न लावणारा कारागीर कसला?

बिल मागितलं की तोंड वाकडं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच 'अनुचित व्यापार प्रथा' आहे. मी काउंटरवरच सांगतो: मीटरचं रीडिंग कागदावर, बिल पक्कं, बदललेला जुना भाग माझ्या हातात. नाही म्हणणाऱ्याकडे मी लॅपटॉप ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका.