राजा गिऱ्हाईक

गेल्या शुक्रवारी रात्री पावणेबाराला क्लायंटचा मेसेज आला. सुरुवातच 'क्विक वन' अशी होती. आमच्या धंद्यात 'क्विक वन' म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी इथेच थांबून माझ्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळावी.

मागणी साधी होती. एका रिपोर्टमध्ये फक्त एक कॉलम वाढवायचा. मागच्या वर्षीचा आकडा शेजारी दिसला पाहिजे, बस्स. सोमवारी त्यांच्या साहेबांना डेमो द्यायचाय. 'चार ओळींचा कोड असेल' हे त्यांनीच ठरवून टाकलं होतं. पैशांचा विषय अर्थातच निघाला नाही, कारण चार ओळींचे पैसे कोण मागतो?

आता, मागच्या वर्षीचा डेटा होता जुन्या सिस्टीममध्ये. जुनी सिस्टीम कुणी लिहिली ते देवाला आणि सोडून गेलेल्या एका माणसाला माहीत. त्यात निम्म्या शाखांची नावं वेगळी, तारखा तीन प्रकारच्या, आणि एका शाखेने रकमा हजारात भरलेल्या. शनिवार अख्खा त्यात गेला. आणि गंमत म्हणजे शेवटी कोड खरंच चार ओळींचा झाला! त्या चार ओळी कुठल्या हे शोधायला अकरा तास लागले, एवढंच.

मी रात्री पावणेबाराला उत्तर काय दिलं होतं? 'शुअर, नो प्रॉब्लेम.'

तर या विकांताला अवघड गिऱ्हाइकांवर एक सणसणीत पोस्ट लिहायची असं ठरवलं होतं. मसाला भरपूर आहे. शिरोली एमआयडीसीतले एक फाउंड्रीवाले आहेत, ते दर मीटिंगला सांगतात की त्यांचा पुतण्या बीएस्सी करतोय आणि तो हे सगळं फुकट करून देतोय. (दोन वर्षं झाली, पुतण्या अजून प्रकट झालेला नाही.) हल्ली पुतण्याच्या जागी चॅटजीपीटी आलंय. "दहा मिनटात करून देतंय की ओ ते, तुम्हाला तीन आठवडे कशाला?" मी म्हटलं, मग घ्या की त्याच्याकडून. तर म्हणतात, "ते रात्री फोन उचलत न्हाई."

पण ती पोस्ट राहिली. कारण रविवारी मी चप्पल लाईनला गेलो.

पुण्याहून मावसभाऊ आला होता. हिंजवडीत आहे, पगार माझ्या दुप्पट. त्याला कोल्हापुरी पायताण घ्यायचं होतं. मी इथला, म्हणजे मी भाव करणार हे ओघानं आलंच. लहानपणापासून शिकवण एकच : सांगतील त्याच्या निम्म्यात मागायचं. दुकानदार अठराशे म्हणाला, मी नऊशे म्हटलं. तो हसला. सोळाशे म्हणाला. मी जोड हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणालो, "काय ओ, चार पट्ट्या तर आहेत, त्याचे एवढे?"

तो म्हणाला, "साहेब, पट्ट्या चारच हायत, पर त्या लावायला हात लागतोय."

मी ऐकलं आणि तरी भाव करत राहिलो. हे इथे कबूल करतोय. तेराशेवर आणलं. तो जरा गप्प बसला आणि म्हणाला, "द्या, चालतंय की."

दुकानातून बाहेर पडून, भावानं मला टाळी दिल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. चार ओळी. चार पट्ट्या. शुअर, नो प्रॉब्लेम. चालतंय की. अरे, हा तर मीच!

आणि याच मावसभावानं २०२५च्या जूनमध्ये आठवडाभर स्टेटसला आग लावली होती. विषय : प्राडा. आठवत नसेल तर थोडक्यात सांगतो. २२ जून २०२५ला मिलानमध्ये प्राडाचा पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन शो झाला आणि त्यात मॉडेल पोरं जे घालून चालली ते कुठल्याही कोल्हापूरकराला लांबून ओळखू येईल असं पायताण होतं. तिथं नाव होतं नुसतं चामड्याच्या सँडलचं. कोल्हापूर कुठंच नाही. मग जो गदारोळ झाला तो झाला. वारसा चोरला, अस्मिता, गोरे लोक, वगैरे वगैरे. पुढे कंपनीने महाराष्ट्र चेंबरला पत्र लिहून मान्य केलं की हे भारतातल्या पारंपरिक हस्तकलेच्या पादत्राणांवरून सुचलं. जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबर २०२५मध्ये करार जाहीर झाला : साधारण २००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घेणार, किंमत एका जोडाला अंदाजे ८०० युरो. म्हणजे तेव्हाच्या भावाने ऐंशी हजारांच्या वर!

ऐंशी हजार. आणि मी पाचशे रुपये कमी केले म्हणून टाळी घेतली.

या प्रकरणात एक गोष्ट बहुतेकांनी नीट वाचलीच नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय मिळाला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार. (हो, अर्धी कोल्हापुरी चप्पल कर्नाटकची आहे. अथणीला जाऊन 'आमचाच वारसा' म्हणून बघा.) नोंदणी दोन्ही राज्यांच्या महामंडळांच्या नावावर : आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि त्यांचं बाबू जगजीवनराम महामंडळ. पण जीआय राखतो ते नाव. 'कोल्हापुरी चप्पल' हे नाव भारतात भलत्याने वापरायचं नाही, एवढाच त्याचा पल्ला. तो आकार, ती वेणी, तो अंगठा कुणी मिलानमध्ये उचलला आणि नावच घेतलं नाही तर आपला कायदा काय करणार? काही वकिलांनी मुंबई हायकोर्टात जनहित याचिका केली होती, ती त्याच जुलैमध्ये कोर्टाने फेटाळली. ज्यांची नोंदणी आहे त्यांनी यावं, तुम्ही कोण, असा एकूण सूर.

म्हणजे नाव न घेता काम उचलणं ही यातली खरी तक्रार. आता मला सांगा, माझ्या कोडवर माझं नाव कुठे आहे? १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत लिहिलेल्या कोडचा पहिला मालक माझी कंपनी, वेगळं काही ठरलं नसेल तर. कंपनी करारानं ते क्लायंटला देते, आणि क्लायंट त्यावर स्वतःचा लोगो लावून पुढच्याला विकतो. माझं नाव शिल्लक राहतं फक्त एका जागी, गिटच्या हिस्टरीत. कुठली ओळ कुणी लिहिली हे बघायच्या कमांडचं नाव पण काय, तर 'ब्लेम'! आणि एका क्लायंटने डिलिव्हरीच्या वेळी ती हिस्टरीसुद्धा काढून मागितली होती. आम्ही दिली. नो प्रॉब्लेम. त्यावर कुणी स्टेटस ठेवलं नाही, मोर्चा काढला नाही. आणि काढायला पाहिजे होता असंही मी म्हणत नाहीये, कारण मला दर महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो. चप्पल शिवणाऱ्याला एक तारीख नसते.

ती चप्पल होते कशी ते एकदा बघा. सुभाषनगरच्या गल्लीत जा, कुणी हाकलत नाही. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं चामडं लागतं, ते कमवायलाच कित्येक दिवस जातात. मग तळ कापायचे, भिजवायचे, ठोकायचे, थर बसवायचे, कान जोडायचे, वेणी गुंफायची. शिवण चामड्याच्याच वादीनं, खिळा नाही. एकाच जोडावर घरातले दोन-तीन हात लागतात, आणि बाईच्या हाताची मजुरी बहुतेक वेळा कुठल्याच हिशोबात धरलेली नसते. आणि मग ऑनलाइन जाऊन बघा : रेक्झिनची, मशीनची 'कोल्हापुरी', काही शे रुपयांत, फ्री रिटर्नसकट. आमचं चॅटजीपीटी आत्ता आलं, त्यांचं कधीच येऊन बसलंय.

'आपला वारसा' म्हणताना यातला 'आपला' कोण, हाही प्रश्न आहे. ज्यांच्या हातून ही चप्पल घडते त्या समाजाला आपल्या आज्या-पणज्यांनी गावकुसाबाहेर ठेवलं. चामड्याला हात लावणारा हात विटाळाचा. पायताण मात्र चालायचं, तेही भाव करून. इतकी वर्षं ती चप्पल 'त्यांची' होती. मिलानच्या रॅम्पवर चढली आणि एका रात्रीत 'आपली' झाली. माझ्या भावाच्या स्टेटसवर त्या आठवड्यात सोळा पोस्ट होत्या. चप्पल त्यानं त्यानंतर कित्येक महिन्यांनी घेतली. ती पण घासाघीस करून.

यावर उत्तर तयार असतं : घासाघीस आपली संस्कृती आहे, आणि दुकानदार आधीच चढवून सांगतो. मान्य, थोडं चढवून सांगतो. पण का सांगतो? आपण निम्म्यात मागणार हे त्याला माहीत आहे म्हणून. मीसुद्धा एस्टिमेट देताना तीस टक्के चढवून देतो, कारण समोरचा चाळीस टक्के कापणार. दोघं एकमेकांना लबाड समजतो आणि दोघांचंही बरोबर असतं. आणि घासाघीस संस्कृतीच असेल तर स्पोर्ट्स शूजच्या एसी दुकानात ती कुठे जाते? भावाच्या पायात त्या दिवशी नऊ हजारांचे बूट होते. तिथे त्याने "चार नाड्या तर आहेत" असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. जिथं समोरचा माणूस दिसतो आणि तो आपल्यापेक्षा कमजोर आहे तिथंच आपली संस्कृती जागी होते.

फाउंड्रीवाल्यांना मी शिव्या घातल्या वर, पण त्यांचंही ऐका. मोटारी बनवणारी कंपनी त्यांच्याकडून कास्टिंग घेते आणि दर वर्षी रेट कमी करून मागते. लोखंड महाग, वीज महाग, पण रेट कमी. ते तिथं 'हो साहेब' म्हणतात आणि येऊन माझ्या बिलातून कापतात. मी 'नो प्रॉब्लेम' म्हणतो आणि रविवारी चप्पल लाईनला जातो. चपलेवाला जाऊन कुणाचं कापणार? शिवणाऱ्याचं. शिवणारा घरात बायकोचं. तिच्याखाली कुणी नाही.

आणि इकडे मोठी माणसं आम्हाला तास मोजून दाखवतात. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये नारायण मूर्ती म्हणाले तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, २०२५च्या जानेवारीत एल अँड टीचे सुब्रह्मण्यन ९०वर गेले, रविवारी बायकोकडे किती वेळ बघणार म्हणाले. अहो, तास आम्ही करतोच. माझे ते अकरा तास कुठल्या टाइमशीटमध्ये आहेत ते शोधून दाखवा. फुकट मिळणारी गोष्ट लोक जास्त मागणारच.

'ग्राहक राजा असतो' हे वाक्य कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकातून आलं ठाऊक नाही, पण आमच्या ऑफिसात ते फ्रेम करून लावलंय. कोल्हापुरात तरी ते लावताना लाज वाटायला हवी होती. कारण या गावात खरोखरचा राजा गिऱ्हाईक झाला होता. गंगाराम कांबळे हा शाहू महाराजांच्या पागेतला माणूस. अस्पृश्य म्हणून पाण्यावरून त्याला मारहाण झाली. महाराजांनी त्याला स्वतःचा धंदा काढायला पाठबळ दिलं आणि त्यानं भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल टाकलं. गाव तिकडं फिरकेना. तर महाराज गाडी थांबवून त्याच्याकडचा चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांना प्यायला लावायचे. नुसतं पिऊन. फर्मान नाही, भाषण नाही, स्टेटस तर नाहीच. गिऱ्हाईक होणं ही किती मोठी ताकद असते हे त्या माणसाला कळलं होतं. आपण तीच ताकद पाचशे रुपये सोडवून घ्यायला वापरतो.

प्राडाचं मी कौतुक करत नाहीये. बोंब झाली नसती तर त्यांनी नावही घेतलं नसतं. त्या ८०० युरोंतले शिवणाऱ्याच्या हातात किती पडणार हा प्रश्न मला आहेच, आणि तो विचारत राहिला पाहिजे. पण तोच प्रश्न माझ्या तेराशेला का नाही? माझा दुकानदारही शिवणारा नाही, तो विकणारा. त्यानं पाचशे सोडले ते स्वतःच्या खिशातून नक्कीच नव्हेत.

परत जाऊन ते पाचशे देऊन यावेत असा विचार सोमवारी आला होता. गेलो नाही. गेलो असतो तर त्यावर इथं वेगळी पोस्ट आली असती आणि तुम्ही 'ग्रेट यार' वगैरे लिहिलं असतं, ते नको. भावाला फोनवर हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "एवढं काय, घेतली ना चप्पल त्याच्याकडून? धंदाच दिला की." असो. तो पुण्यात राहतो.

एक केलं. सोमवारी डेमो छान झाला म्हणून क्लायंटचा मेसेज आला, अंगठ्याच्या चित्रासकट. त्याला मी अकरा तासांचं बिल पाठवलं. खाली लिहिलं : चार ओळी. त्यावर त्यांनी लिहिलंय की फायनान्सशी बोलून कळवतो, आणि ता.क. म्हणून, अजून एक क्विक वन आहे.