मालमोटारीच्या दोन गाळण्या आणि संघाचा सांठा

ठाणे-बेलापूर रस्त्यावरील रबाळे हें गांव एके काळीं भातशेतीचें व खाडीकांठचें होतें. आज तें कारखान्यांच्या वसाहतीनें वेढलेलें आहे. तरी शेतकऱ्याचा या टापूशीं असलेला संबंध तुटला नाहीं, उलट वाढला. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ सालीं मुंबई शहरांतून येथून जवळच तुर्भ्यास आला, आणि १९९६ सालीं फळांचा व भाजीपाल्याचा बाजारही त्याच्या मागोमाग आला. तेव्हांपासून नाशिकचा कांदा, जुन्नरची भाजी आणि देवगड-रत्नागिरीचा हापूस रात्रीच्या रात्रीं मालमोटारींतून इकडे उतरतो. ज्याची गाडी पहांटे पोंचली त्याच्या मालास भाव असतो. जिला घाटांतच उजाडलें तिच्यांतील मेथी-कोथिंबीर दुपारीं कोणी विचारीत नाहीं. म्हणून शेतकऱ्याचें वर्षभराचें कष्ट अखेरीस एका डिझेल इंजिनाच्या भरंवशावर असतात, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

असें असतां, त्या इंजिनाच्या ज्या दोन स्वस्त वस्तूंवर हा भरंवसा टिकून आहे, त्यांकडे मालकाचें लक्ष फारच थोडें असतें. त्या वस्तू म्हणजे ऑइल फिल्टर व डिझेल फिल्टर. बैलास पत्री ठोकल्यावांचून कोणताही जाणता शेतकरी त्यास लांबच्या वाटेस काढीत नसे. परंतु तोच शेतकरी मालमोटारीचा मालक झाला, कीं फिल्टर केव्हां बदलला हें ड्रायव्हरास विचारतो, आणि ड्रायव्हर मिस्त्रीकडे बोट दाखवितो. ही जबाबदारी मालकाची आहे, आणि ज्यांच्या गाड्या एकाच संघांतून चालतात त्यांच्या बाबतींत ती संघाची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या दोन गाळण्यांचा स्वभाव अगदीं भिन्न आहे, आणि सर्व व्यवस्था त्या भेदावरच बसवावयास हवी. डिझेलची गाळणी तुंबली तर ती बोलते. चढावर गाडीची ओढ कमी होते, इंजिन धापा टाकतें आणि शेवटीं बंद पडतें. तेलाची गाळणी मात्र मुकी असते. ती तुंबली तर इंजिन तेलावांचून जळून जाऊं नये म्हणून निर्मात्यानें तिच्या मार्गांत एक बगलेची झडप ठेवलेली असते. गाळणींतून वाट मिळेनाशी झाली कीं ती झडप उघडते, आणि तेल न गाळतांच बेअरिंगांकडे जाऊं लागतें. दाबाचा दिवा लागत नाहीं, आवाज बदलत नाहीं, ओढ कमी होत नाहीं. केवळ झीज वाढत जाते, आणि ती कळून येते तेव्हां क्रँक काढण्याची वेळ आलेली असते. यावरून नियम सरळ निघतो. जी गाळणी बोलते तिच्यासाठीं गाडींत सुटी जोडी ठेवावी. जी बोलत नाहीं तिच्यासाठीं वही ठेवावी. त्या वहींत गाडीचा क्रमांक, बदलण्याची तारीख, त्या वेळचे किलोमीटर आणि फिल्टरचा निर्मात्यानें दिलेला क्रमांक एवढीं चार खाणीं पुरेत.

पूर्वीच्या इंजिनांत हयगय केली तरी निभावत असे, हें खरें आहे. तेल गाळण्याची खरी व्यवस्था मोटारींस लाभली तीच अमेरिकेंत १९२३ च्या सुमारास. त्यापूर्वीं कित्येक इंजिनें नुसत्या जाळीवर चालत. आपल्या विहिरींवरचीं जुनीं तेल-इंजिनें किती अंग मोडून चालत, हें वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक आहे. परंतु तो हिशेब आजच्या मालमोटारीस लागू नाहीं. जुन्या पंपाचें नोझल दोनअडीचशें बार दाबास उघडे. आजच्या कॉमन रेल इंजिनांत डिझेलचा दाब १६०० बार व त्याहूनही अधिक असतो. त्यांतील भागांमधील फट दोनचार मायक्रॉनांची असते. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून वाचकांनीं कल्पना करावी. १ एप्रिल २०२० पासून देशांत भारत स्टेज सहा हा दंडक लागू झाला, आणि डिझेलमधील गंधकाचें प्रमाण दशलक्षांत ५० भागांवरून १० भागांवर आलें. इंधन स्वच्छ झालें खरें. पण पंपाच्या टाकींतील, कॅनमधील व आपल्या गाडीच्या टाकींतील पाणी व गाळ हे कोणत्याही दंडकानें नाहींसे होत नाहींत. काहीं शेंकड्यांचा फिल्टर वांचविणारा मालक पुढें नोझलांच्या व पंपाच्या दुरुस्तीस हजारोंनीं रुपये मोजतो.

आमच्या कोंकणपट्टींत पाणी हाच डिझेलचा मोठा शत्रु आहे. पावसाळ्यांत अर्धी टाकी रिकामी ठेवून गाडी रात्रभर उभी केली, तर त्या रिकाम्या जागेंतील दमट हवेचें पाणी होऊन तळाशीं बसतें; पाणी व डिझेल यांच्या सांध्यावर सूक्ष्म जंतु वाढून चिकट गाळही होतो. यास्तव गाडी सायंकाळीं टाकी भरून उभी करावी, आणि पाणी वेगळें करणाऱ्या फिल्टरची तळाची चावी पावसाळ्यांत वरचेवर सोडून पाणी काढून टाकावें. या कामास पैसा लागत नाहीं.

आतां सांठ्याविषयीं. कांहीं मंडळी म्हणतात, 'रबाळ्याच्या आसपास दुकानांस काय तोटा? लागेल तेव्हां आणूं.' हा आक्षेप दिवसा, रबाळ्यांत व रिकाम्या गाडीस खरा आहे. कसारा घाटांत रात्रीं दोन वाजतां भरलेल्या गाडीस तो लागू पडत नाहीं. शिवाय निकडीच्या वेळीं जें मिळेल तें घ्यावें लागतें, आणि बनावट माल खपतो तो अशाच वेळीं. बाहेरून तोच रंग, तोच डबा. आंत कागदाच्या घड्या थोड्या आणि चिकटविणें कच्चें. अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊन आधीं घेतलेला माल हाच यावर उपाय आहे.

याच्या उलट, स्वस्त मिळाले म्हणून चार वर्षांचे फिल्टर एकदम भरून ठेवणेंही शहाणपणाचें नव्हे. खाडीकांठच्या दमट हवेंत पत्रा गंजतो, रबराचें वाशर कडक होतें, आणि गाडी बदलली म्हणजे उरलेला माल कवडीमोल होतो. उदाहरणार्थ, संघांत एकाच इंजिनाच्या चार गाड्या आहेत, आणि निर्मात्याच्या पुस्तकाप्रमाणें व आपल्या फेऱ्यांच्या हिशेबानें प्रत्येकीस वर्षांत दोन ऑइल फिल्टर व तीन डिझेल फिल्टरच्या जोड्या लागतात असें धरूं. वर्षाची गरज ८ व १२ झाली. त्यांपैकीं सहा महिन्यांचे, म्हणजे ४ व ६, कोठींत ठेवावे. शिवाय प्रत्येक गाडींत डिझेल फिल्टरची एक जोडी, अशा ४ जोड्या निराळ्या. याहून अधिक नको. डबे जमिनीपासून उंच फळीवर, मूळच्या वेष्टनांतच ठेवावे आणि आधीं आलेला आधीं वापरावा. जी गाडी थोडी चालते तिनें किलोमीटर भरण्याची वाट पाहूं नये. पुस्तकांत सांगितलेली मुदत भरली कीं तेल व फिल्टर बदलावे.

बदलतांना घाईमुळें ज्या चुका होतात त्याही सांगणें अवश्य आहे. जुनें वाशर इंजिनासच चिकटून राहिलें आणि त्यावर नवें बसलें, तर दाबाखालीं सर्व तेल बाहेर फेंकलें जातें. म्हणून बसण्याची जागा आधीं पुसून पाहावी. नव्या वाशरास स्वच्छ तेलाचें बोट फिरवावें आणि डबा हातानेंच, पुस्तकांत सांगितलें असेल तितकाच आंवळावा. ज्या गाड्यांत नुसता आंतला कागदी भाग बदलावयाचा असतो, तेथें त्याबरोबर आलेली रबरी कडी अवश्य बदलावी. डिझेल फिल्टरमध्यें कॅनमधून डिझेल ओतून तो बसवूं नये. तें डिझेल न गाळतां पुढें जातें. हातपंप मारून एअर काढावी. तेल बदलल्यावर दाबाचा दिवा विझेपर्यंत इंजिनास जोर देऊं नये. जुना ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या पाहाव्या. त्यांत धातूचे चकाकणारे कण दिसले तर गाडी घाटांत नेण्यापूर्वीं मिस्त्रीस दाखवावी.

शेवटची गोष्ट जुन्या फिल्टरांची. २०१६ च्या नियमांप्रमाणें वापरलेलें तेल हें घातक कचऱ्यांत मोडतें. येथील नाल्यांत ओतलेलें तेल ठाण्याच्या खाडींत जातें. त्या खाडीचा एक भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला असून २०२२ सालीं त्यास रामसर यादींत स्थान मिळालें. मासेमारीवर जगणारीं आपलींच कुटुंबें त्या कांठीं आहेत. जुने फिल्टर रात्रभर निथळत ठेवावे आणि तें तेल व ते डबे अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच द्यावे.

आमची संघास सूचना एवढीच आहे, कीं हापूसचा हंगाम भरांत येण्यापूर्वीं, म्हणजे जानेवारीच्या सभेंत, सभासदांच्या गाड्यांची इंजिनवार यादी करावी, सहा महिन्यांचा माल एकत्र खरेदी करावा, आणि वही ठेवण्याचें काम एका सभासदाकडे नांवानिशीं सोंपवावें. यास मोठें भांडवल लागत नाहीं, आणि एका गाडीचा माल एका पहांटे वेळेवर बाजारांत उतरला तरी तेवढा खर्च भरून निघेल.