छप्पन्न टक्क्यांची उलटतपासणी

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये ठाणे-डोंबिवलीत घरीच उपचार घेणाऱ्या अनेक कोविडरुग्णांच्या प्रिस्क्रिप्शनवर आयव्हरमेक्टिन हे औषध असे. आयसीएमआरच्या एप्रिलमधल्या सूचनांतही सौम्य आजारासाठी तो पर्याय होता. गोव्यात तर १० मे रोजी आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी १८ वर्षांवरील सर्वांना ते देण्याचं जाहीर केलं. समर्थकांचा भक्कम आधार होता मेटा-अनॅलिसिसचा. अनेक चाचण्यांची एकत्र गोळाबेरीज झाली, मग आता वाद कसला?

वाद बेरजेत काय घातलं याचा आहे. लिव्हरपूल विद्यापीठातील अँड्र्यू हिल यांच्या जुलै २०२१मधील विश्लेषणात मृत्यू ५६ टक्क्यांनी घटलेले दिसले. त्यात इजिप्तच्या बेन्हा विद्यापीठातील एका अभ्यासाचा वाटा मोठा होता. लंडनमधला वैद्यकीय विद्यार्थी जॅक लॉरेन्स यानं त्या अभ्यासाची मूळ फाइल तपासली. अहवालानुसार अभ्यास सुरू झाला ८ जून २०२० रोजी. नोंदींत मात्र काही रुग्ण त्याआधीच दगावलेले! काही रुग्णांच्या नोंदी तर दुसऱ्यांदा चिकटवलेल्या निघाल्या. तो लेख प्रसिद्ध करणाऱ्या रिसर्च स्क्वेअर या संकेतस्थळानं तो काढून टाकला. हिल यांनी स्वतः फेरहिशेब केला. संशयास्पद आणि सदोष अभ्यास वगळल्यावर औषधानं जीव वाचल्याचा पुरावा उरला नाही.

मग ‘आकडे हवे तसे फिरवता येतात, सगळेच विकले गेलेत’ असं म्हणणारे पुढे सरसावतात. तेही चूक आहेत, आणि त्यांची चूक जास्त महागात पडू शकते.

सप्टेंबर २०२०मध्ये मेटा-अनॅलिसिसच्या याच पद्धतीनं जागतिक आरोग्य संघटनेच्या गटानं ७ चाचण्यांतल्या १,७०३ अत्यवस्थ कोविडरुग्णांचा हिशेब मांडला. स्टेरॉइड मिळालेल्या ६७८पैकी २२२ जण २८ दिवसांत दगावले. न मिळालेल्या १,०२५पैकी ४२५. विश्लेषणाची योजना आकडे हाती येण्याआधीच नोंदवून जाहीर केली होती, त्यामुळे निकाल पाहून सोयीचा हिशेब निवडायला जागाच नव्हती. डेक्सामेथासोनसारख्या स्वस्त औषधाला जगभर बळ मिळालं ते अशा कामामुळे. ही पद्धतच मोडीत काढणारा माणूस हा पुरावाही फेकून देतो.

कल्याणच्या एखाद्या दवाखान्यात औषध कंपनीचा एमआर गुळगुळीत कागदावरचा आलेख पुढे सरकवतो, तेव्हा डॉक्टरांनी खालच्या ठळक टक्केवारीवर न थांबता अभ्यासांचा तक्ता मागावा. कोणत्या अभ्यासाचं वजन सर्वांत जास्त, तो वगळला तर काय उरतं, योजना आधी नोंदवली होती का, पैसा कोणाचा, नकारात्मक निकालाच्या चाचण्या कुठे गेल्या, हे तिथेच विचारावं. उत्तर मिळेपर्यंत ते औषध रुग्णाच्या कागदावर लिहू नये.