वीज पाहुणी, बॅटरी घरची

हॅम मंडळींच्या गप्पा ऐकल्यात कधी? अँटेना, अँटेना आणि अँटेना! बॅटरीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: "आहे की घरात इन्व्हर्टर." मला हे उत्तर अजिबात पटत नाही.

ज्यांना हॅम रेडिओ माहीत नाही त्यांच्यासाठी: सरकारी परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं आणि टॉवर-इंटरनेटशिवाय थेट रेडिओवरून बोलायचं, असा हा छंद. एरवी छंदच. पण 1993 साली किल्लारीचा भूकंप झाला, 2001 साली भूजचा, तेव्हा निरोप पोचवायला हॅम धावले. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांची टीम याच छंदापायी पोर्ट ब्लेअरला होती, आणि अंदमानचे कितीतरी निरोप त्यांच्या रेडिओवरून बाहेर पडले. अशा दिवशी सगळ्यात आधी जाते ती वीज. मोबाईल टॉवर मग स्वतःच्या बॅटरीवर नाहीतर डिझेलवर तग धरतो. ते संपलं की संपलं.

माझे बरेच शनिवार-रविवार दौंड तालुक्यातल्या राहूला जातात. एकीकडे मुळा-मुठा, दुसरीकडे भीमा, मधे ऊसच ऊस. शेतीपंपाला दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास वीज, अशा पाळ्या इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं काढल्यात. वीज ही पाहुणी आहे, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. रेडिओचंही तसंच मांडावं, असं माझं म्हणणं.

म्हणजे काय? रेडिओला हवेत 13.8 व्होल्ट डीसी. बॅटरीचे 12 व्होल्ट इन्व्हर्टरने 230 करायचे आणि पॉवर सप्लायने परत 13.8 वर आणायचे, हा निव्वळ द्राविडी प्राणायाम. वाटेत वीज वाया जाते, शिवाय स्वस्तातल्या इन्व्हर्टरची खरखर शॉर्टवेव्हवर ऐकू येते ती वेगळीच. त्यापेक्षा रेडिओ कायमचा थेट बॅटरीवर ठेवा. वीज आली की चार्जर बॅटरी भरेल, ऊन असेल तर सोलर पॅनेल भरेल.

आता हिशोब. 100 वॉटचा सेट ऐकताना साधारण 1 अँपिअर खातो, बोलताना सरासरी 10 धरा. दहा मिनिटांत एक मिनिट बोललात तर सरासरी 2 अँपिअर, म्हणजे दिवसाला 48 अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. तेव्हा 150 ची ट्युब्युलर दीड दिवस पुरेल. जास्त हवंय? मग दुसरी बॅटरी घेण्याआधी पॉवर कमी करा. 100 वरून 25 वॉटवर आलात तरी समोरच्याच्या मीटरवर एकच एस-युनिट कमी दिसतं!

फ्यूज बॅटरीच्या प्लसला अगदी लागून हवा आणि वायर जाड हवी. 2.5 स्क्वेअर एमएमच्या तीन मीटर वायरीतून 20 अँपिअर खेचलेत तर जाऊन-येऊन जवळजवळ 0.9 व्होल्ट वाटेतच गळतात. बॅटरी भरलेली आणि सेट मात्र कुरकुरतोय, याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

आपण सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट जाणतो: रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नसतो. कोपऱ्यात ठेवलेली बॅटरी बसल्या बसल्या उतरते. रोज बॅटरीवरच चालणारा सेट मात्र रोज आपोआप टेस्ट होतो.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, ते पाणी याच मुळा-मुठेतून खाली गेलं. तसा दिवस उजाडला तर चार्जर शोधायला वेळ मिळत नाही.