पासिंग मिळते, ईसीएम मिळत नाही

मा. संपादक यांस,


सोयाबीनची रास होऊन पोती अंगणात थप्पी लावून ठेवलेली असावीत, आकाशात परतीच्या पावसाचे ढग जमू लागलेले असावेत, आणि तो माल लातूरच्या मार्केट यार्डात पोहोचविणारी घरची पिकअप नेमकी त्याच सकाळी सुरू होऊ नये, ही आपत्ती ज्याच्यावर आली असेल त्यालाच तिचे गांभीर्य कळेल. औसा तालुक्यातील माझी ही गाडी २०१३ सालची. तिचे इंजिन आजही दमदार आहे, पाटे शाबूत आहेत, आणि परिवहन कार्यालयाने रीतसर तपासणी करून पुढील वर्षाचा योग्यतेचा दाखला तिला नुकताच दिलेला होता. सेल्फ फिरे, पण इंजिन धरीना. एवढेच नव्हे, तर चावी फिरवताच एरवी पेटणारी चेक लाइटही पेटेना. टोचन करून गाडी गॅरेजात नेली, वायरमनने स्कॅनर लावला, आणि इंजिनाच्या संगणकाकडून, ज्याला गॅरेजात सगळेच ईसीएम म्हणतात त्याच्याकडून, काहीच उत्तर येत नाही असे पाहून त्याने ती पेटी सोडवून माझ्या हातात ठेवली. तळहाताहून थोडी मोठी, अॅल्युमिनियमची. कपलरच्या दोन पिनांवर हिरवट गंज चढलेला आणि आत एक भाग जळून काळा पडलेला. आदल्या दिवशी फाळक्याच्या बिजागरीला वेल्डिंग करून घेताना बॅटरीची वायर काढावयाची राहून गेली होती, हे तेव्हा ध्यानात आले. ही चूक आमची, आणि तिची किंमत मोजण्यास मी तयार होतो. माझी तक्रार निराळी आहे: किंमत मोजण्याची तयारी असूनही वस्तू मिळेना.

अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी केली, तेव्हा हा क्रमांक आता बंद झाला असून त्याऐवजी कोणता चालेल ते वरच्या कचेरीस विचारावे लागेल, असे उत्तर मिळाले. ते विचारणे आठ दिवस चालले आणि अखेर निरुत्तरच राहिले. दरम्यान नांदेडहून एक जुनी पेटी मिळाली. आकार तोच, कपलर तोच, फक्त चिठ्ठीवरील क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे वेगळे. ती बसविली, इंजिनाने क्षणभर धरले आणि ते बंद पडले. पुन्हा सेल्फ मारला, पुन्हा तेच.

या विषयाशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांना वाटेल की, पंप जसा पंपाच्या जागी बसतो तशी पेटीच्या जागी पेटी बसावी. तसे होत नाही. पेटीवरील चिठ्ठीवर एक क्रमांक पेटी घडविणाऱ्याचा असतो व दुसरा गाडी घडविणाऱ्याचा. तिसरा क्रमांक आतल्या प्रणालीचा, जो डोळ्यांना दिसत नाही, स्कॅनरवरच वाचता येतो. इंधन किती आणि कोणत्या क्षणी सोडावे याचे कोष्टक या प्रणालीत असते, आणि इंजिन तेच असले तरी भारत स्टेज तीन या प्रदूषण-मानकाचे कोष्टक स्टेज चारच्या गाडीस लागू पडत नाही. चोरीस प्रतिबंध करणारी यंत्रणा असेल, तर चावीची ओळखही त्या पेटीतच नोंदलेली असते. परकी पेटी आपली चावी ओळखत नाही. शिवाय संगणकावर चालणाऱ्या अशा डिझेल इंजिनाच्या प्रत्येक इंजेक्टरच्या माथ्यावर अक्षरे व आकडे कोरलेले असतात, आणि चारही इंजेक्टरांचे ते संकेत पेटीत लिहिल्यावाचून इंजिन एकसारखे चालत नाही. हे सारे लिहिण्याची मुभा ज्याच्या हाती, त्याच्याच हाती गाडीचे आयुष्य, असा याचा सरळ अर्थ आहे.

माझे म्हणणे एवढेच की, जुन्या कोणत्या क्रमांकाऐवजी नवा कोणता चालतो याचे कोष्टक उत्पादकाने जाहीर केले पाहिजे, आणि वाजवी शुल्क घेऊन पेटीत लेखन करण्याची सोय विक्रेत्याच्या शाखेबाहेरील जाणत्या मिस्त्रीसही दिली पाहिजे. आठ वर्षांपुढील मालवाहू वाहनास शासन दरवर्षी तपासणीस बोलाविते, शुल्क घेते, आणि ते रस्त्यावर चालविण्यास योग्य असल्याचा दाखला देते. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेले वाहन मोडीत काढण्याचे धोरणही खाजगी मालकाची गाडी केवळ वयामुळे नव्हे, तर तपासणीत अयोग्य ठरल्यास मोडीत जावी असेच सांगते. जी गाडी शासनाच्या दप्तरी योग्य आहे, ती एका पेटीवाचून गोठ्याशेजारी उभी राहावी, ही विसंगती दूर करण्याची जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार उत्पादकांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग व दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून रोखून धरल्याबद्दलच. ती खुल्या बाजारात उपलब्ध करावीत असाही त्या आदेशाचा आशय होता. पुढे अपिले झाली आणि दंडाचा वाद लांबला, परंतु आयोगाने मांडलेले तत्त्व त्यामुळे लटके ठरत नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे संकेतस्थळही सुरू केले, आणि मोटारी व शेतीची अवजारे दोन्ही त्याच्या कक्षेत घेतली. संकेतस्थळावर माहिती देणे ही इच्छेची बाब राहिली, तर औशाच्या शेतकऱ्यास तिचा उपयोग नाही. तो हुकूम झाला पाहिजे. युरोपात २००७ च्या नियमावलीने उत्पादकांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांना देणे बंधनकारक केले, आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली असाच कायदा मोठ्या बहुमताने संमत केला.

लेखनाची सोय सर्रास खुली झाली तर चोरीच्या गाड्यांना नव्या चाव्या मिळतील, अशी हरकत घेतली जाते. ती हरकत मी क्षुल्लक मानीत नाही. परंतु आरसी बुक, चासी क्रमांक आणि मालकाचे ओळखपत्र तपासून, नोंदणीकृत मिस्त्रीच्या नावे प्रत्येक लेखनाची नोंद ठेवली, तर आजच्यापेक्षा अधिक बंदोबस्त होईल. कारण आज हेच काम कोणतीही नोंद न ठेवता चोरवाटेने होते आणि प्रामाणिक मालकासही त्याच वाटेने जावे लागते.

मलाही जावे लागले. हैदराबादच्या एका कारागिराने जळालेल्या पेटीतील स्मृतीची चिप, जी सुदैवाने शाबूत होती, वाचून तिच्यातील सारा मजकूर, चावीच्या ओळखीसह आणि इंजेक्टरांच्या चारही संकेतांसह, तंतोतंत त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या पेटीत उतरविला. अकराव्या दिवशी गाडी सुरू झाली. तोवर माल भाड्याच्या टेम्पोने यार्डात गेला होता आणि राहिलेली नऊ पोती भिजली होती. हे काम लातूरच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलांना शिकविल्यास का येणार नाही? उणीव बुद्धीची नाही, मुभेची आहे.

सबब परिवहन विभागाने योग्यतेच्या दाखल्याची मुदत आणि या पेटीच्या पुरवठ्याची मुदत परस्परांशी बांधण्याची तजवीज करावी, अशी आपल्या पत्रामार्फत माझी दरखास्त आहे. जळालेली पेटी चिठ्ठीसह मी जपून ठेवली आहे. परिवहन कार्यालयाने अथवा जिल्हा ग्राहक आयोगाने बोलाविल्यास ती घेऊन लातुरास हजर राहीन.

कळावे,
आपला नम्र,
एक शेतकरी वाहनमालक, ता. औसा, जि. लातूर